वरद सप्लायिंग कंपनी

"ओ भाऊ, ती गाठ सोडू नका. ती मांडवाची आहे."

हणमंतराव बिरादारांनी हे आधी मराठीत सांगितले, मग दखनीत, मग तेलुगूत. मांडवाच्या खांबाला, बल्लीला धरून वर चढलेल्या माणसाने तिन्ही भाषांत ऐकले नाही. त्याच्या दातांत सुतळी होती, काखेत कापडी फलकाचे एक टोक होते आणि पायाखाली हणमंतरावांचीच प्लास्टिकची खुर्ची होती. फलकाचे दुसरे टोक धरून चिखलात उभ्या असलेल्या, पक्षाचे काम करणाऱ्या संपतकुमारने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवले.

"अरे अंकल, कायकू परेशान होते? आपकाच नाम है ना ऊपर. पढ़ो. वरद!"

फलकावर खरोखरच ते नाव होते. तेलुगूतली तीन गोलसर अक्षरे, प्रत्येक अक्षर जेवणाच्या ताटाएवढे. त्याखाली लहान अक्षरांत 'बाधितांसाठी शिबिर', आणि सर्व अक्षरांहून मोठा असा एका पुढाऱ्याचा चेहरा, ज्याच्या डोक्यावर त्याच्या पक्षाची निशाणी असलेली छत्री उघडलेली होती. पाऊस बारीक पडत होता. चित्रातला चेहरा तेवढा कोरडा वाटत होता.

मराठीत वरद म्हणजे वर देणारा, गणपतीचे एक नाव. तेलुगूत वरद म्हणजे पूर.

या एका शब्दाने हणमंतरावांचे आयुष्य कायमचे थोडेसे हास्यास्पद करून ठेवले होते. त्यांचे वडील उदगीरकडच्या गावातली शेती भावांवर सोपवून हैदराबादला आले आणि सुलतान बाजारामागच्या गल्लीत मांडवाचे सामान भाड्याने देऊ लागले. पहिला मांडव गणपतीचा उभारला, म्हणून दुकानाचे नाव 'वरद सप्लायिंग कंपनी'. पेंटरने ते मराठीत लिहिले, खाली उर्दूत लिहिले आणि आणखी खाली तेलुगूत; आणि तेलुगूत लिहिताना तो मधेच थांबून हसला होता, असे वडील सांगत. पूर पुरवणारी कंपनी! लग्नाची बोलणी करायला आलेले तेलुगू यजमान पाटीकडे बोट दाखवून विचारत, "किती फुटांचा पाठवाल?" एका वधूपित्याने तर सामान लादलेली बंडी दारातूनच परत पाठवली होती, मुलीच्या लग्नात पूर नको म्हणून. संदीप, हणमंतरावांचा मुलगा, ज्याला मराठी अक्षर अक्षर जुळवून वाचावे लागे आणि तेलुगू सरळ येत असे, लहानपणी एकदा शाळेतून रडत आला होता. "बाबा, आपण पूर विकतो का?" तो आता कुकटपल्लीत राहत होता, कॉम्प्युटरच्या कंपनीत होता आणि नाव बदला म्हणून अजूनही सांगत होता; आता मात्र रडून नव्हे, समजुतीच्या स्वरात.

हणमंतरावांनी नाव बदलले नव्हते. ते फक्त उच्चार जपत. 'वरद' म्हणताना शेवटच्या 'द'वर जीभ टेकवून ती तिथेच थांबवत, दार लावून कडी घालावी तशी. तेलुगू माणूस तो 'द' मोकळा सोडतो आणि त्या मोकळ्या जागेतून पाणी आत येते, असे त्यांना वाटे.

या आठवड्यात ते खरेच आले होते. वरचे तलाव भरून वाहिले, नाल्याला आपली वाट आठवली, आणि काचीगुड्याच्या खालच्या अंगाची नालाबस्ती छपरापर्यंत बुडाली. बस्तीच्या वर, जुन्या भिंतीच्या कडेला उंचवट्याची एक मोकळी जागा होती. लोक तिथे डोक्यावर गोण्या घेऊन बसले होते. त्यांच्यात जयवंता होती, हणमंतरावांकडची भांडी घासणारी, आणि तिची नुकतीच बाळंत झालेली सून होती. हणमंतरावांनी दुकानात काम करणाऱ्या यादगिरीला बोलावले, आणि दुकानातला एकुलता एक वॉटरप्रूफ मांडव बंडीवर चढवून त्या उंचवट्यावर नेऊन उभा केला. बाकीचे शामियाने नुसत्या सुती कापडाचे होते. ते ऊन गाळतात, पाऊस नाही. हा मांडव जाड होता, त्याला मेणाचा हात दिलेला होता, आणि गणेशोत्सवासाठी तो केव्हाच ठरलेला होता.

त्यांच्या पत्नी कुसुमताईंनी त्या संध्याकाळी फक्त एवढेच विचारले होते, "तोच दिलाव?"

"मग काय झिरझिरीत देऊ? ओली बाळंतीण हाय तिथं."

"ते कळतंय वो मला. गणपतीवाल्यांना काय सांगनार?"

"गणपतीलाच सांगू. तुझ्याच नावानं दिलाय म्हनून."

कुसुमताईंनी देग चुलीवर चढवली. त्यांचा राग नेहमी स्वयंपाकात विरघळे. त्या दिवशीच्या खिचडीत मिरची जास्त होती.

आणि आता मांडव उभा राहून झाल्यावर, लोकांनी आपापले कोपरे धरून झाल्यावर, बाळाची झोळी मधल्या बल्लीला टांगून झाल्यावर, छत्रीवाले आले होते. या भागातले आमदार उन्हाळ्यात वारले होते, पोटनिवडणूक तोंडावर होती, आणि पूर जणू तारीख विचारून आला होता.

"बांधा," हणमंतराव शेवटी म्हणाले. "पण माझ्या गाठीला हात लावू नका. तुमची वेगळी मारा."

"ये बात!" संपतकुमार म्हणाला. बल्लीवरच्या माणसाने गाठ तोवर सोडलेली होती. मांडवाचा एक कोपरा खाली आला आणि त्यात साचलेले पाणी एका म्हाताऱ्याच्या अंथरुणावर ओतले गेले. हणमंतरावांनी गाठ पुन्हा मारली.

*

दुपारी पुढारी येणार म्हणून सकाळपासून कोणालाही खायला काही वाटू दिले नाही. कुसुमताईंची खिचडी देगीत झाकून ठेवलेली होती. ती पाकिटांत भरायची आणि पाकिटे पुढाऱ्याच्या हातून द्यायची, असे ठरले होते. कोणी ठरवले हे विचारण्यात अर्थ नव्हता. मुले देगीभोवती बसून वाफ जिरताना पाहत राहिली.

पुढारी आले तेव्हा खिचडीवर साय धरली होती. त्यांच्या मागे दोन मोबाइल फोन घेतलेला सेक्रेटरी, त्याच्या मागे केबल चॅनेलचा कॅमेरा आणि सर्वांच्या पुढे उलटा चालणारा पेपरचा फोटोग्राफर. त्याने मांडवात डोकावले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"अंदर सब सूखा दिखरा, भाई. फोटो में पानीच नै आरा."

मग लोकांना बाहेर यावे लागले. उंचवट्याखाली, जिथे घोट्याच्या वर पाणी होते, तिथे रांग करण्यात आली. रांगेत उभे राहील त्याला पाकीट. संपतकुमार मांडवात शिरला आणि जयवंताच्या सुनेपुढे उभा राहिला.

"अम्मा, बच्चे को लेके आओ. लीडर साब सर पे हाथ रखते."

"पानी पायजे का रे तुला फोटूत?" जयवंता मधे आली. "चल की माझ्या घरात. लई हाय. चुलीवर बस अन् तिथून काढ."

"अम्मा, दो मिनट का काम है."

"दोन मिंटात निमोनिया होतो लेकराला."

संपतकुमारने हणमंतरावांकडे पाहिले. जणू कंपनीने पुरवलेल्या सामानात जयवंताही होती आणि ती सदोष निघाली होती. हणमंतराव गाठी तपासत राहिले. अशा वेळी ते हातांना काहीतरी काम देत आणि हात बोलतील अशी वाट पाहत.

"बरं, आनते," जयवंता एकाएकी म्हणाली. "तुमी व्हा पुढं."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेले काहीतरी होते. ती सर्वांच्या पुढे जाऊन पाण्यात उभी राहिली. पुढाऱ्यांनी पँट जरा वर घेतली, पाण्यात उतरले, चेहरा पडेल असा केला आणि दुपट्यावर हात ठेवला. हात क्षणभर दचकल्यासारखा झाला. बहुधा गारठ्यामुळे असेल असे त्यांना वाटले असावे. फोटोग्राफरने तीनचारदा बटण दाबले.

बाळ झोळीत झोपलेले होते. दुपट्यात हणमंतरावांचा पितळी तांब्या होता.

दुसऱ्या दिवशी तो फोटो तेलुगू पेपरात आला. यादगिरीने तो दुकानात आणून गल्ल्यावर पसरला. पुढाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते, निदान चष्म्यावर तरी होते. दुपट्याची कड जरा सरकलेली होती आणि तिथून काहीतरी चकाकत होते. छपाई इतकी वाईट होती की त्याला कोणीही बाळाचे कपाळ म्हटले असते. त्या तांब्यावर कासाराने ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेले नाव होते, मराठीत: वरद. भांड्यांवरची नावे मराठीत होती, कापडावरची तेलुगूत. भांडी घरची आणि कापड बाजारचे, असा वडिलांचा हिशेब असावा.

कुसुमताई हसल्या. हणमंतरावही हसले, पण त्यांचे हसणे लवकर संपले. बाहेर पाऊस होताच.

*

त्याच सकाळी एकनाथराव दुकानात आले. ते शहरातल्या जुन्या घराण्यातले. आजोबा निजामाच्या नोकरीत, वडील सचिवालयात, आणि ते स्वतः नोकरी सोडून छत्रीवाल्यांच्या विरोधातल्या, शिडीवाल्या पक्षात. शिडीवाल्यांना मराठी मते आठवली की एकनाथराव आठवत. त्यांचे मराठी फार शुद्ध होते. ते ऐकताना हणमंतरावांना आपली जीभ चिखलाच्या पायांनी घरात शिरल्यासारखी वाटे.

"हणमंतराव, तुम्ही आपले. म्हणून हक्काने बोलतो. आपल्या माणसाच्या मांडवावर त्या छत्रीवाल्यांचा फलक? लोक काय म्हणतील?"

"मी नाही लावला साहेब. त्येंनीच बांधला."

"तेच ते. तुम्ही भिडस्त आहात, हे सर्वांना ठाऊक आहे." त्यांनी खुर्ची रुमालाने पुसली आणि बसले. "एक सुचवतो. मांडव तिथून काढा आणि मोठ्या चौकात उभा करा. आमचे साहेब उद्या येताहेत. गाडी नाल्यापर्यंत जात नाही. जिथे गाडी पोहोचत नाही तिथे मदत पोहोचून काय उपयोग?"

हणमंतरावांना वाटले आपल्याला नीट ऐकू आले नाही.

"पाणी तिथं आलंय साहेब. चौकात नाही आलं."

"माणसे चौकात आणता येतात."

"जयवंताच्या सुनेला उठता येईना अजून."

"ॲम्ब्युलन्स आणू. तीही फोटोत बरी दिसेल." एकनाथराव हसले नाहीत, ते विनोद करत नव्हते. "विचार करा. आपल्या समाजाचा प्रश्न आहे. आणि हो, त्या पाटीवरचे तेलुगू जरा काढून घ्या, हणमंतराव. आपल्या दैवताचे नाव, आणि हे लोक पूर वाचतात. मनाला लागते."

ते गेल्यावर यादगिरी, जो इतका वेळ बांबूंचे मोजमाप घेत असल्याचे दाखवत होता, खांद्यावरचा पंचा झटकत म्हणाला, "सेठ, एक के पास छत्री है, एक के पास सिडी है. दोनो अपने काम की चीजां. पन दोनो कागज पे."

हणमंतरावांनी मांडव हलवला नाही. त्यांनी तसे कळवलेही नाही; न कळवणे हाच त्यांचा नकार असे. दुसऱ्या दिवशी शिडीवाले स्वतःच आले, चौकाऐवजी उंचवट्यावर, आणि मांडवाच्या दुसऱ्या तोंडाला आपला फलक बांधू लागले. तोच शब्द, तीच तीन अक्षरे, फक्त चेहरा वेगळा आणि छत्रीच्या जागी शिडी. छत्रीवाल्यांनी हरकत घेतली. आधी घोषणा झाल्या, मग फलक ओढले गेले. फलकांबरोबर दोऱ्या, दोऱ्यांबरोबर बल्ल्या. मांडव एकदा डावीकडे झुकला, एकदा उजवीकडे. आतली माणसे बल्ल्यांना मिठ्या मारून बसली. यादगिरीने मधली बल्ली छातीशी धरली होती आणि तो तेलुगूत असे काही बोलत होता की जयवंताने सुनेचे कान झाकले.

"मेल्यांनो," जयवंता ओरडली, "सकाळी ह्याचं झिंदाबाद म्हनलं, दुपारी त्याचं म्हनते! पर डोक्यावरचं तेवढं राहू द्या!"

कोणाचे तरी नाक फुटले, पोलीस आले, आणि दोन्ही पक्षांनी एकमेकांविरुद्ध आचारसंहिता मोडल्याची तक्रार केली.

*

निवडणूक खात्याची जीप उंचवट्याच्या खालीच थांबली. तिच्यातून आलेल्या अधिकारी बाई रेनकोट सावरत चढून आल्या. त्या दमलेल्या होत्या. रात्रभर कुठल्यातरी दुसऱ्या बस्तीत असाव्यात. फलक आधीच उतरवलेले होते. संपतकुमार आणि एकनाथराव खाली चहाच्या टपरीवर शेजारी शेजारी उभे होते आणि एकनाथराव संपतकुमारच्या काडीने सिगारेट पेटवत होते.

"हा मांडव कुणाचा?" बाईंनी तेलुगूत विचारले.

"वरदवाळ्ळदि," यादगिरी म्हणाला. वरदवाल्यांचा.

"ते दिसतंय. पूरवाल्यांचाच. पण मालक कोण?"

"वरद, अम्मा."

"पूर मालक आहे?"

"हौ अम्मा. पहिल्यापासून."

बाईंनी यादगिरीकडे रोखून पाहिले. तो प्यायलेला आहे की थट्टा करतो आहे हे त्यांना ठरवता येईना. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच राहिली. मांडवाच्या प्रत्येक पट्टीच्या मधोमध तीन गोल अक्षरे छापलेली होती. कडेला छापले तर चोर कड कापून घेतात; म्हणून नाव कापडाच्या पोटात टाकायचे, ही वडिलांची शिकवण. पावसाच्या फिकट उजेडात ती अक्षरे आतून स्पष्ट दिसत होती. पूर, पूर, पूर. बाईंनी एक खुर्ची उलटी केली. पाठीवर पूर. सतरंजीचा कोपरा पायाने उलटला. पूर.

"एवढं सगळं छापून घेतलंत?" त्यांचा आवाज खाली आला. "पाणी येऊन आठवडा झाला नाही. कोणत्या पक्षाचं काम आहे हे?"

हणमंतराव पुढे झाले. "कोनाचं नाही, अम्मा. माझ्या वडिलांच्या येळपासून आहे."

"वडिलांच्या वेळेपासून पूर?"

"पूर नाही. वरद्." त्यांनी जीभ 'द'वर टेकवली आणि तिथे थांबवली. "गणपतीचं नाव आहे. तुमी नाही का म्हनत, वरसिद्धि विनायक. तसं."

बाईंना हसू आले. हसता हसता त्या हणमंतरावांच्याच खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. त्यांना सगळे समजले होते, आणि त्यामुळे काहीच बदलणार नव्हते.

"मला पटलं," त्या म्हणाल्या. "पण शिडीवाले लिहून देतात की मांडव छत्रीवाल्यांचा. छत्रीवाले लिहून देतात की शिडीवाल्यांचा. पूर हा शब्द प्रचारात वापरायचा नाही असा काल हुकूम निघालाय. आणि इथे तो इतक्या ठिकाणी लिहिलाय. मी वर काय सांगू, गणपतीचा मांडव आहे म्हणून?"

"सांगा की."

"ते विचारतील, गणपती कोणत्या पक्षाचा."

मांडवात बाळ रडू लागले. जयवंताची सून झोळीला हलके हलके झोका देऊ लागली. बाई तिकडे पाहत राहिल्या.

"शाळा भरल्यात. या लोकांना न्यायला माझ्याकडे जागा नाही," त्या अखेर म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत एकतर मांडव उतरवा, नाहीतर शब्द. शब्द निघाला तर मांडवाला हात लावायला कोणालाच कारण उरणार नाही. माझा माणूस इथे थांबेल."

त्या उठल्या. जाताना त्यांनी मघाशी उलटी केलेली खुर्ची पुन्हा सुलट करून ठेवली.

*

आधी कागद चिकटवले. पावसाने ते तासाभरात सोलून काढले. मग चुना लावून पाहिला. तो ओघळून लोकांच्या अंथरुणांवर आला आणि अक्षरे अंघोळ केल्यासारखी अधिकच उजळ झाली. मग काळा रंग. बाईंनी ठेवलेला माणूस, एक बारीक अंगाचा, सतत माफी मागणारा कारकून, स्टुलावर चढला आणि काळ्या डागावरून बोट फिरवून तेलुगूत म्हणाला, "सॉरी सार. हाताला लागतंय अजून. वाचता येतं."

"आंधळ्यांची पन मतं हायेत का काय?" जयवंता म्हणाली.

"सॉरी अम्मा."

कापडावरचा तो जुना तेलरंग एकाच गोष्टीने निघत असे. यादगिरीला ते माहीत होते, म्हणून तो गप्प होता. हणमंतरावांनी त्याला रॉकेलचा डबा आणायला सांगितला तेव्हा तो जागचा हलला नाही.

"सेठ, रॉकेल से मेण भी जाता."

"माहीत हाय."

"फिर कपडा कपडा रह जाता. वॉटरप्रूफ नै रहता."

"यादगिरी," हणमंतराव म्हणाले, "जेवढ्या जागेवर नाव आहे तेवढ्याच जागेवर लाव. बाहेर जाऊ देऊ नको."

मग दोघे दोन स्टुलांवर उभे राहिले. मान मागे टाकून, हात वर करून, चिंधीने. रॉकेल कोपरापर्यंत ओघळत होते. रंग सुटायला वेळ लागत होता. वडिलांनी तो जाड दिलेला होता. आधी अक्षरांच्या कडा मऊ होत, मग मधले गोल भरून येत, आणि मग एक मातकट डाग उरे. खाली लोक नाकाला पदर लावून बसले होते. बाळाची झोळी वासामुळे मांडवाच्या तोंडाशी हलवली होती. खाली टपरीवर भोंगा लागला होता. मतदारांनो, या संकटाच्या घडीला. पण पुढचे शब्द वाऱ्याने वेगळीकडे नेले.

एका पट्टीपाशी हणमंतरावांचा हात थांबला. ती सर्वांत जुनी होती. तिच्यावरचे मधले अक्षर जरा तिरपे होते. साचा धरताना लहानपणी त्यांचाच हात हलला होता आणि वडील ती तशीच ठेवून पुढच्या पट्टीकडे वळले होते. त्यांनी चिंधी पुन्हा भिजवली आणि ते अक्षरही पुसले.

कारकुनाने प्रत्येक डागावरून बोट फिरवले, समाधान झाल्याचे सांगितले, पुन्हा माफी मागितली आणि गेला. देगी, तांबे, वाट्या त्याने पाहिल्या होत्या, पण त्यांच्यावरच्या ठिपक्यांत त्याला काही सापडले नव्हते. मराठी त्याला येत नव्हते. आणि मराठीत तो शब्द निरुपद्रवी होता.

संध्याकाळी पाऊस वाढला.

पहिला थेंब म्हाताऱ्याच्या अंथरुणावर पडला. मग त्याच्या पलीकडे एक, आणि आणखी एक. थोड्या वेळाने मांडवात गळतीची एक अशी आखणी दिसू लागली की पाहणाऱ्याला वाटावे कोणीतरी ती काळजीपूर्वक काढली आहे: प्रत्येक पट्टीच्या मधोमध, तीन गोल, शेजारी शेजारी. बाकी सर्वत्र कापड कोरडे होते. जिथे नाव होते, तेवढ्याच जागेतून पाणी आत येत होते.

लोकांनी फार गडबड केली नाही. त्यांनी अंथरुणे जरा इकडे तिकडे सरकवली आणि रिकाम्या जागांवर भांडी मांडली. हणमंतरावांची भांडी. जयवंताने देग म्हाताऱ्याशेजारी ठेवली, कढई तिच्या पुढे, आणि सुनेच्या उशाशी, जिथे एक थेंब रेंगाळत पडत होता, तिथे पितळी तांब्या. भांडी वेगवेगळ्या आवाजांत वाजू लागली. हणमंतराव मांडवाच्या तोंडाशी रॉकेलचे हात धोतराला पुसत उभे राहिले. कुसुमताई कधी आल्या त्यांना कळले नाही. त्यांनी वर पाहिले, खाली पाहिले, आणि पदराखालून भाकऱ्यांचे गाठोडे काढून जयवंताकडे दिले.

"काय वो हे?" त्या हलकेच म्हणाल्या.

"राहिला उभा," हणमंतराव म्हणाले.

एवढ्यात उंचवट्यावर एक नवाच तरुण चढून आला. हातात माईक, मागे कॅमेरा, बुटांना चिखल लागलेला. या चॅनेलचे नाव हणमंतरावांनी ऐकले नव्हते. दर महिन्याला एक नवे निघत होते. तरुणाने मांडवावर कोणाचा फलक दिसतो का ते पाहिले. काही नव्हते. पुसल्याचे डाग तेवढे होते.

"किसका है ये टेंट?" त्याने विचारले. "कौन सी पार्टी का?"

यादगिरी सेठकडे पाहू लागला.

हणमंतरावांनी सांगितले. त्यांच्या तोंडून तो शब्द नेहमीसारखाच निघाला, पण शेवटी पोचल्यावर त्यांनी जीभ टेकवली नाही. त्यांनी 'द' मोकळा सोडला, तेलुगू माणूस सोडतो तसा, आणि तो हवेत उघडाच राहिला.

"वो तो है," तरुण म्हणाला. पूर तर सगळीकडेच होता. तो कॅमेरावाल्याला खूण करून दुसरीकडे निघून गेला.

आत जयवंताने भरलेला तांब्या उचलला, बाहेर येऊन नाल्याच्या दिशेने रिता केला, पदराने पुसला, आणि पुन्हा नेमका त्या थेंबाखाली नेऊन ठेवला.